हिरडीच्या रंगाचा माऊस

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी काकूंच्या उजव्या हाताचा अंगठा संपावर गेला. पडद्यावर शत्रू बारा पावलांवर होता, पाठमोरा, जमिनीवरचं काहीतरी उचलायला वाकलेला. असा शत्रू पूर्वपुण्याईशिवाय मिळत नाही. काकूंनी नेम धरला आणि बोट दाबणार तोच अंगठ्याच्या मुळातून निघालेली कळ थेट कोपरापर्यंत गेली. माऊस हातातून सुटला. शत्रू सावकाश उभा राहिला, वळला आणि त्याने काकूंना ठार केलं.

काकूंचं वय बावन्न. नवरा कवळ्या बनवतो, काकू त्यांना पॉलिश करतात. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत हा कारखाना आहे. पहिल्या खोलीत काउंटर, दुसऱ्या खोलीत मोटरीवर फिरणारा ब्रश. तयार झालेली कवळी चिमटीत धरायची, छातीच्या उंचीवर आणायची आणि ब्रशाला टेकवून हळूहळू फिरवायची, हे काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. चार वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानातली एक मुलगी आजोबांची कवळी न्यायला आली असताना पाऊण तास हे बघत बसली होती. निघताना ती म्हणाली, "काकू, तुमचा हात हलतच नाही हो." पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली आणि तिने काकूंना संगणकावरच्या लढाईच्या खेळातल्या आपल्या पाच जणांच्या संघात लांबून नेम धरायच्या जागेवर घेतलं. संघातले बाकी सगळे तिशीच्या आतले, त्यामुळे गुणफलकावरसुद्धा त्यांचं नाव 'काकू' असंच पडलं.

चांगल्या कवळीचं लक्षण एकच, ती तोंडात आहे हे कुणाला कळू नये. म्हणजे काकूंचं काम जितकं चांगलं, तितकं ते कमी दिसायचं. खेळात मात्र दर फेरीनंतर फलक लागायचा आणि 'काकू' हा शब्द बहुधा वरून दुसरा असायचा. त्या हे कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. पण फलक लागला की पाणी प्यायलासुद्धा त्या जागेवरून उठत नसत.

रविवारी अकरा वाजता अंतिम सामना होता.

हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा वाकवून पाहिला आणि माऊस मागवून घेतला. तो संगणकाबरोबर फुकट आलेला होता. डॉक्टर म्हणाले, हा बाहुलीच्या हाताचा माऊस आहे, तुमच्या हाताने इतके दिवस सहन केला हेच आश्चर्य. हाताला बसेल असा घ्या, नाहीतर तीन आठवडे खेळ बंद.

औषधाच्या दुकानातली मुलगी, म्हणजे संघाची कप्तान, हे ऐकून गोळ्यांची पाकिटं लावता लावता थांबली. तिने काकूंना खुर्ची दिली, मलम दिलं आणि अटही घातली. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सरावाची दोनशे लक्ष्यं. एकशे सत्तर टिपली तर रविवारी काकू खेळतील. नाही टिपली तर राखीव खेळाडू. "राग मानू नका काकू," ती म्हणाली, "माझ्या सख्ख्या आईलाही मी हेच सांगितलं असतं." काकू म्हणाल्या की तिच्या सख्ख्या आईला दरवाजाची कडी नीट दिसत नाही, ती नेम काय धरणार. पण अट त्यांना मान्य होती.

खरी अडचण पुढे होती. माऊस हातात घेऊन बघता येईल असं दुकान आसपास एकच होतं, आणि त्याचा मालक हाच संघाचा राखीव खेळाडू होता.

बुधवारी दुकान उघडायच्या वेळेला काकू दारात उभ्या होत्या. दुकानदार पस्तिशीचा, उंच, आणि इतका सचोटीचा की गिऱ्हाइकाने नवीन कीबोर्ड मागितला तर आधी जुना धुऊन बघायला सांगायचा. दोन वर्षं तो राखीव होता आणि आजवर एकदाही खेळला नव्हता. काकूंचा अंगठा बघताच त्याचा चेहरा पडला.

"काकू, मी तुम्हाला माऊस विकू शकत नाही."

"का रे बाबा? संपले?"

"एक्केचाळीस आहेत. पण तुम्हाला बसणारा मिळाला नाही तर जागा मला मिळते. माझा यात स्वार्थ आहे. मी सांगेन ते तुम्ही ऐकता कामा नये."

काकू म्हणाल्या, ठीक, नाही ऐकत, पण भिंतीवरचे काढून तरी दे. त्याने एक्केचाळीस माऊस काउंटरवर मांडले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायला नको. काकूंनी एकेक उचलला. एक पाठीवर भोकं असलेला, हाती घेतला की नसल्यासारखा वाटणारा. एक असा की त्याच्या पोटातून सात रंगांचे दिवे लागत. एकाला अंगठ्यापाशी बारा बटणं होती. काकू म्हणाल्या, हा माऊस की बाजाची पेटी. दुकानदार भिंतीला म्हणाला की वजन, लांबी आणि बटणांची संख्या एवढंच तो सांगू शकतो, मत देऊ शकत नाही.

अर्ध्या तासाने काकूंनी विचारलं, "तू स्वतः कुठला वापरतोस?"

मग त्याने न वळता हात मागे केला आणि राखाडी, रुंद, कुबड असलेल्या एका माऊसकडे बोट दाखवलं. काकूंनी तो हातात घेतला. बरा वाटला. किंबहुना फारच बरा वाटला, आणि तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ज्याला आपली जागा हवी आहे त्याने दाखवलेला माऊस इतका बरा कसा वाटेल? त्यांनी तो बाजूला ठेवला.

"ठेवलात ना?" दुकानदाराने आवाजावरून ओळखलं. "मला वाटलंच. म्हणून तर म्हणत होतो, मला विचारू नका."

"मग वाईट कुठला ते सांग."

"वाईट सांगितला तर तुम्ही तोच घ्याल."

"मी काय वेडी आहे?"

त्याने वाईट सांगितला. काळा, चपटा, कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या, दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता असा. काकूंनी मनाशी हिशेब मांडला. हा मुलगा खोटं बोलत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण दोन वर्षं राखीव बसलेल्या माणसाचं मन त्याला स्वतःला तरी कुठे माहीत असतं? तोंड खरं बोललं तरी बोट भलतीकडे जाऊ शकतं. चांगला म्हणून दाखवला तो टाळला, तेव्हा वाईट म्हणून दाखवला तो घेणं ओघानेच आलं. बारा वाजून पाच मिनिटांनी काकू काळा माऊस घेऊन बाहेर पडल्या. दुकानदार दारापर्यंत आला आणि कळवळून म्हणाला, "काकू, तो खरंच वाईट आहे हो." काकूंना आता खात्रीच पटली.

घरी येऊन त्यांनी तो वापरला. तो खरंच वाईट होता. दहा मिनिटांत अंगठ्याने पुन्हा मान टाकली.

तोपर्यंत कवळीवाल्यांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, या प्रकरणात लक्ष घातलेलं नव्हतं. खेळाबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की तोंड बंद ठेवून बसायचा कुठलाही छंद चांगला. दुपारी चहाला आत आले तेव्हा काकू बर्फाच्या पिशवीत हात घालून बसल्या होत्या आणि टेबलावर माऊसचं रिकामं खोकं होतं. त्यांनी खोकं उचलून वाचलं. 'सर्व हातांसाठी योग्य.' त्यांनी ते पुन्हा वाचलं, चष्मा वर करून.

"तू तयार आणलास?"

काकूंनी बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला वळवली.

"तेहतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, अंगाला लागणारी वस्तू तयार घ्यायची नसते. माझ्या घरात, माझी बायको, 'सर्व हातांसाठी योग्य'. उद्या 'सर्व तोंडांसाठी योग्य' कवळी आणशील."

"अहो, माऊस आहे तो."

"हिरडीला हिरडी मिळत नाही अगं, हाताला हात काय मिळणार? चल. माप घेऊ."

काकू उठल्या, कारण दुसरा मार्ग नव्हता आणि कारण नवऱ्याच्या हातची एकही कवळी आजवर ढिली निघालेली नव्हती.

माप घ्यायचा रिवाज ठरलेला होता. गुलाबी पावडर पाण्यात कालवायची, घट्ट होऊ लागली की गिऱ्हाइकाच्या जबड्यात दाबायची आणि नाकाने श्वास घ्यायला सांगायचं. इथे जबडा नव्हता, म्हणून कवळीवाल्यांनी पावडरीचा मोठा गोळा केला आणि काकूंना म्हणाले, जसं रोज धरतेस तसं धर. अगदी सहज. डोळे मीट, हाताला हवं ते करू दे. काकूंनी डोळे मिटले आणि गोळा उचलून सहज धरला. तीन मिनिटं गोळा घट्ट होत राहिला. सवयीने काकू नाकाने श्वास घेत राहिल्या.

गोळ्यावरून प्लॅस्टरचा साचा झाला. साच्यावरून मेणाचा नमुना. गुरुवारी सकाळी मेण हातात बसवून बघितलं, दोन ठिकाणी खरवडलं. मग पक्का. कारखान्यात पक्क्याला एकच माल होता, हिरडीच्या रंगाचा. दुपारी कवळीवाल्यांनी काळ्या माऊसची आतडी काढून नव्या कवचात बसवली. बटणं बोटांखाली आली. प्रश्न राहिला तळाच्या डोळ्याचा, ज्याच्या प्रकाशावर माऊसची हालचाल कळते. कवळीवाल्यांना तो प्रश्न वाटलाच नाही. जी बाजू बोटांनी झाकली जात नाही ती टेकायची बाजू, हे कवळीच्या धंद्यात लहान मूलही सांगेल. त्यांनी डोळा मोकळ्या बाजूला बसवला आणि माऊस पॉलिशला बायकोकडेच दिला.

गुरुवारी पाच वाजता काकूंनी तो पहिल्यांदा हातात घेतला आणि त्यांच्या तोंडून नकळत "अगंबाई" निघालं. इतकं काही त्यांच्या हाताला आजवर बसलं नव्हतं. बांगडीही नाही. अंगठा आपल्या घरी आल्यासारखा खळग्यात जाऊन बसला. कळ नाही, ताण नाही. मग त्यांनी तो टेबलावर ठेवायला घेतला.

तो टेबलावर ठेवता येत नव्हता. डोळा खाली आणायचा तर मनगट पूर्ण वळवावं लागे, मनगटासाठी कोपर वर, आणि कोपर वर गेलं की ते कानाला लागे. काकू कान आणि कोपर एकत्र घेऊन पाच मिनिटं बसल्या. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई भिंतीपलीकडचं ऐकतायत. मग त्यांच्या लक्षात आलं. डोळे मिटून हाताला हवं ते करू दिलं होतं, आणि हाताने सत्तावीस वर्षांत जे रोज धरलं तेच धरलं होतं. कवळीवाल्यांनी माऊसचं माप घेतलंच नव्हतं. त्यांनी ब्रशाला टेकवायच्या कवळीचं माप घेतलं होतं.

"अहो, हा उलटा झालाय."

कवळीवाल्यांनी मान वर केली नाही. त्यांनी फक्त बोट काउंटरच्या दिशेने केलं. काउंटरवर पाटी होती: 'पहिले सात दिवस तक्रार ऐकली जाणार नाही.' ही पाटी काकूंनीच लावली होती. टोचतं, हलतं, बोलता येत नाही, असं सांगत येणाऱ्या हजारेक माणसांना त्यांनी ती वाचून दाखवली होती, आणि वर हेही सांगितलं होतं की तोंड आणि कवळी यांचं लग्न नवीन आहे, थोडं ओढाताणीचं असायचंच.

"सवय होते," कवळीवाले म्हणाले. "काढायचा नाही. जेवताना, बोलताना, हातातच ठेवायचा."

"रविवारी सामना आहे."

"मग रविवारी तिसरा दिवस. तिसऱ्या दिवसापासून बरं वाटायला लागतं. तूच सांगतेस ना लोकांना?"

हे उत्तर द्यायचं काम आजवर काकूंच्याच बाजूला होतं. गुरुवारी रात्रीचं जेवण त्या डाव्या हाताने जेवल्या. शुक्रवारी सकाळी कवळी न्यायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांच्या हातातल्या गुलाबी वस्तूकडे पाहिलं, मग आपल्या डबीकडे, आणि विचारलं की आपली याहून लहान आहे ना. दुपारपर्यंत कोपर कानाशी ठेवून दोनशेपैकी चौऱ्याऐंशी लक्ष्यं झाली. आता अंगठ्याऐवजी मान धरली होती. कप्तानाचा फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, चाललंय. कप्तानाने विचारलं की किती. काकू म्हणाल्या, चाललंय म्हटलं ना.

शुक्रवारी तीन वाजता पॉलिशचं काम साचलं म्हणून त्या मोटरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गुलाबी माऊस खाली ठेवायचा नाही हा हुकूम, म्हणून तो हातातच. मोटर लावायच्या आधी हात आपोआप छातीपर्यंत वर आला आणि माऊसची मोकळी बाजू समोरच्या कपाटाच्या दाराला टेकली. काकूंनी तो उजवीकडे सरकवला. तार लांब होती. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं, तिथून संगणकाचा पडदा दिसत होता, आणि त्यावरचा बाण उजवीकडे सरकला होता. त्यांनी माऊस वर नेला. बाण वर गेला. कोपर जागेवर, मान जागेवर, अंगठा खळग्यात झोपलेला.

काकूंनी कपाटाची मधली फळी काढली. साच्यांची रांग जमिनीवर उतरवली, फळी संगणकाच्या टेबलावर पडद्याच्या उजव्या अंगाला उभी केली आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टरच्या जबड्यांचे टेकू दिले. मग खुर्ची मागे सारली आणि मोटरीपुढे उभं राहतात तशा उभ्या राहिल्या.

शनिवारी पाच वाजता कप्तान आली. बरोबर साक्षीदार म्हणून दुकानदार आला, कारण आपल्या गैरहजेरीत परीक्षा झाली तर आपण गैरहजर का राहिलो यावर लोक बोलतील असं त्याला वाटत होतं. कप्तानाने फळी पाहिली, जबडे पाहिले, गुलाबी माऊस पाहिला आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. काकूंनी दोनशेपैकी एकशे एक्क्याण्णव लक्ष्यं टिपली. लक्ष्य पुसून काढल्यासारखं जात होतं, असं नंतर दुकानदार म्हणाला. त्याने आकडा स्वतः लिहिला, खाली सही केली, वेळ घातली आणि मग कुणी न विचारता सांगितलं की मला आनंद झालाय. त्याचा आवाज तेवढा आनंदी नव्हता, पण तो खोटं बोलत नाही.

कवळीवाल्यांनी काकूंना एवढंच विचारलं, "सवय झाली ना?"

"तुमचं तोंड बघा आधी," काकू म्हणाल्या. पण चहा त्यांनीच केला, उजव्या हाताने.

रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी संघ सभागृहात पोचला. फळी कवळीवाल्यांच्या खांद्यावर होती. दारात तपासनीस बसला होता, प्रत्येक खेळाडूची साधनं तपासून त्यावर हिरवी चकती चिकटवत. चौघांना चकत्या मिळाल्या. काकूंचा माऊस त्याने दोन बोटांनी उचलला आणि आपला तक्ता काढला.

कंपनी? कवळीवाले म्हणाले, मी. मॉडेल? काकू म्हणाल्या, मी. उजव्या हाताचा, डाव्या हाताचा की दोन्ही? कवळीवाले म्हणाले, फक्त हिच्या हाताचा. तपासनिसाने तिन्ही रकाने रिकामे सोडले. चौथ्यावर तो अडला. नियम होता: माऊस सपाट पृष्ठभागावर चालवावा.

"ही फळी उभी आहे," तो म्हणाला.

"उभी आहे, पण सपाट आहे," कप्तान म्हणाली. "रंधा मारलेली आहे. हात फिरवून बघा."

"सपाट म्हणजे आडवं."

"मग तुमच्या घरच्या भिंती खडबडीत आहेत का?"

तपासनीस म्हणाला की भिंतीचा विषय नियमात नाही. त्याने मुख्य समितीला फोन लावला. समितीच्या बैठकीत सगळ्यांचे फोन बाहेर ठेवलेले होते. निरोप घेऊन माणूस गेला. तोवर प्रतिस्पर्धी संघातला एक जाडगेला खेळाडू जवळ आला, माऊस लांबूनच बघितला आणि कवळीवाल्यांना हळूच विचारलं की माप द्यायला कधी यायचं. कवळीवाल्यांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, उपाशीपोटी या.

दुसरा नियम कप्तानाला ठाऊक होता आणि तो तिने काकूंना बाजूला घेऊन सांगितला. राखीव खेळाडू एकदा खुर्चीवर बसला की मूळ खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बसवला नाही तर चार जणांनी सुरुवात करावी लागेल, आणि पंधरा मिनिटांत पाचवा आला नाही तर संघ बाद.

"काय करू काकू?"

काकूंनी लांबून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू कप्तान आहेस. मला विचारू नकोस. माझा यात स्वार्थ आहे."

कप्तानाने दुकानदाराकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अकरा वाजता सामना चार जणांनिशी सुरू झाला. पहिली फेरी गेली. दुसरीही गेली. तिसरी कप्तानाने एकटीने ओढून आणली. फलक लागला तेव्हा त्यावर चार नावं होती, आणि काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या.

अकरा वाजून बारा मिनिटांपर्यंत मिळालेली माहिती अशी: समितीकडे गेलेला माणूस परतलेला नाही, आणि संघ बाद व्हायला तीन मिनिटं उरली आहेत. पाचवी खुर्ची रिकामी आहे, काकूंनी ती मागे सरकवून फळीसाठी जागा करून ठेवली आहे. कवळीवाले फळी सरळ धरून उभे आहेत. दुकानदार अजून वळलेला नाही. तपासनीस गुलाबी माऊस या हातातून त्या हातात घेऊन बघतो आहे, आणि तो त्याच्या कुठल्याच हातात बसत नाही.